ट्रिलियम लावताय? मग या चुका टाळा

ऑन्टारियोत मे महिन्यात मेपलच्या जंगलात पांढरे ट्रिलियम फुललेले बघितले की आपल्या बॅकयार्डमध्येपण हवेत असं सगळ्यांनाच वाटतं, 1937 पासून प्रांताचं अधिकृत फूलच आहे ते. पण बहुतेक जण त्याचे गुलाबासारखे लाड करायला जातात आणि तिथंच वाट लागते.

सगळ्यात मोठा घोळ पाचोळ्याचा. ऑक्टोबरमध्ये पानं रेक करून कागदी पिशव्यांत भरून रस्त्याकडेला ठेवायची आणि स्प्रिंगमध्ये पैसे देऊन मल्च (मातीवर पसरायचं आच्छादन) आणायचं, हे काय लॉजिक आहे? पानं तिथंच राहू द्या, फार जाड थर असेल तर मोअर फिरवून बारीक करा. जागा पानगळीच्या झाडाखालचीच हवी, म्हणजे एप्रिल-मेमध्ये ऊन आणि नंतर सावली मिळते.

फूल तोडायला गेलं की त्याच्याखालची तीन पानंपण हातात येतात, आणि पुढच्या वर्षाची सगळी शिदोरी तीच पानं बनवतात, ती गेली की त्या सीझनला परत येत नाहीत. कंद मरूही शकतो.

जंगलातून उकरून आणणं तर नकोच. आपल्या हिमालयातली नागछत्रीपण ट्रिलियमच, औषधासाठी उकरून उकरून तिची काय हालत केलीये बघा. नर्सरीत फुलावर आलेलं रोप फारच स्वस्त असेल तर शंका घ्या, कारण बीपासून फुलापर्यंत साधारण 7 वर्षं जातात, एवढं सांभाळून कोण स्वस्तात देणार? बियांपासून केलंय का असं स्पष्ट विचारा.

बी वाळवून ठेवू नका, ताजंच पेरा. त्याला पांढरट मऊ गर चिकटलेला असतो, मुंग्या त्यासाठीच बी ओढून नेतात. पहिल्या हिवाळ्यानंतर मातीखाली नुसतं मूळ फुटतं, वर पान दिसायला दुसरा हिवाळा जावा लागतो, त्यामुळे वर्षभरात काही उगवलं नाही म्हणून कुंडी रिकामी करू नका.

उन्हाळा सरता सरता पानं पिवळी पडून गायब होतात, ते नॉर्मल आहे. काडी खोचून जागा लक्षात ठेवा, नाहीतर तिथंच होस्टासारखं दुसरं रोप लावायला कुदळ मारली जाते.

जुनं फूल गुलाबी पडलं तर काळजी नको. पाकळ्यांवर हिरवे पट्टे आले तर मात्र दुर्मिळ व्हरायटी मिळाली म्हणून फोटो टाकत बसू नका, तो फायटोप्लाझ्मा नावाच्या जिवाणूंचा रोग असतो, औषध नाही, रोप कंदासकट काढून टाका.