वजन कमी करताना टेन्शन येतंय? आधी संध्याकाळ सांभाळा

डाएट सकाळी मोडत नाही, संध्याकाळी मोडतं, हे कळायला मला चार महिने लागले. मी ठाण्यात राहते, ऑफिस रबाळेला. सकाळी सगळं नीट असतं, डब्यात दोन पोळ्या, मटकीची उसळ, काकडी. पण संध्याकाळी सातला ठाणे स्टेशनच्या दहा नंबर प्लॅटफॉर्मवर उतरले की दिवसभराची बोलणी, लेडीज डब्यातली चेंगराचेंगरी, घरी जाऊन करायचा स्वयंपाक हे सगळं डोक्यात आणि बाहेर तळणीचा वास, मग एक वडापाव व्हायचाच, आणि घरी गेल्यावर आता मोडलंच आहे म्हणून फरसाणाचा डबा उघडायचा आणि रात्री रडायचं. असं ज्यांचं होतंय त्यांच्यासाठी लिहितेय.

आधी तुमची ती वेळ शोधा. आठवडाभर मोबाईलमध्ये फक्त एवढंच लिहा, डब्याशिवाय जास्तीचं किती वाजता खाल्लं आणि त्याआधी काय झालं होतं. कॅलरी लिहू नका, त्याने अजून टेन्शन येतं. माझं जवळजवळ सगळंच साडेसहा ते आठमध्ये निघालं, आणि नीट बघितलं तर दुपारी एकच्या जेवणानंतर पोटात दोन चहाशिवाय काहीच नव्हतं! म्हणजे अर्धं टेन्शन होतं आणि अर्धी साधी भूक, आणि मी उगाच स्वतःला दोष देत होते.

भुकेचा उपाय सोपा आहे, ट्रेन पकडायच्या आधी ऑफिसमध्येच खाऊन घ्या. मूठभर चणे आणि एक केळं, किंवा उकडलेलं अंडं.

टेन्शनसाठी मी स्टेशनवरून सरळ घरी जाणं बंद केलं. तलावपाळीला एक चक्कर मारते, मोबाईल पर्समध्ये. हे वजनासाठी नाही, ऑफिस तिथेच सोडून यायला, म्हणून पावलं मोजत नाही. नवी मुंबईवाल्यांना वाशीचं सागर विहार किंवा नेरूळचं ज्वेल ऑफ नवी मुंबई आहे, आणि धो धो पाऊस असेल तर बिल्डिंगचं पार्किंगसुद्धा चालतं.

आता वजनकाटा, कारण सगळ्यात जास्त मन तोच मोडतो. एक किलो चरबी म्हणजे साधारण ७७०० कॅलरी. एका रात्रीत काटा एक किलोने वर गेला तर तेवढं जास्तीचं तुम्ही खाल्लेलंच नसतं, ते बहुतेक पाणी असतं. लग्नातलं खारट जेवण, पाळीच्या आधीचे दिवस, बद्धकोष्ठता, यातल्या कशानेही काटा हलतो. उलट डाएटच्या पहिल्या आठवड्यात जे दोन किलो झरझर उतरतात त्यातही पाणीच बरंच असतं, म्हणून पुढे वेग कमी झाला की आपलं काहीतरी चुकतंय असं वाटतं, पण चुकत नसतं. आठवड्याला अर्धा किलो म्हणजे छान चाललंय. रोज बघायचंच असेल तर सकाळी टॉयलेटला जाऊन आल्यावर बघा आणि आठवड्याची सरासरी मागच्या आठवड्याशी ताडून बघा. आणि काट्याने रडूच येत असेल तर तो माळ्यावर टाका, शिंप्याकडची टेप घ्या आणि महिन्यातून एकदा कंबर मोजा. आपल्याकडे बायकांसाठी ८० आणि पुरुषांसाठी ९० सेंटिमीटरच्या आत कंबर असावी असं डॉक्टर सांगतात. माझा काटा तीन आठवडे हलला नव्हता तेव्हा पुलाचा जिना न थांबता चढता यायला लागला होता, त्यावरच मी टिकले.

झोप कमी झाली की भूक वाढते, त्यामुळे साडेबाराला झोपून पाचला वॉकला उठू नका, त्यापेक्षा झोपा.

लोकांचं बोलणं थांबत नाही. हळदीकुंकवाला कोणी ना कोणी म्हणतंच, अगं काही फरक दिसत नाही. वाद घालू नका, माझं एक वाक्य ठरलेलं आहे, "काकू, ते राहू दे, तुमचा गुडघा कसा आहे?" घरच्यांना मात्र स्पष्ट सांगा. मला सपोर्ट करा एवढं म्हटलं तर त्यांना काही कळत नाही. मी नवऱ्याला दोनच गोष्टी सांगितल्या, आठनंतर माझ्यासमोर फरसाण काढू नकोस आणि वजन किती झालं ते विचारू नकोस. त्याने ऐकलं.

कधी मोडलंच तर पुढचं जेवण नेहमीसारखंच जेवा, शिक्षा म्हणून उपास करू नका. एका वडापावने आठवडा वाया जात नाही, पण उपासानंतर जी भूक उसळते तिने जातो.

आणि केस खूप गळतायत, पाळी थांबलीय, सगळं नीट करूनही महिनोन्महिने वजन हलत नाही, तर डॉक्टरकडे जा, थायरॉइड तपासून घ्या. खाल्ल्यावर मुद्दाम उलटी काढावीशी वाटत असेल किंवा दिवसभर डोक्यात फक्त खाणं आणि वजन असेल तर तेही डॉक्टरना न लाजता सांगा. रात्री फारच घालमेल झाली तर सरकारची टेलीमानस हेल्पलाइन आहे, १४४१६, फुकट आहे, चोवीस तास चालू असते आणि मराठीत बोलता येतं.