गावातली केबल बातमी कशी पारखावी

मी जळगावात सात वर्षं केबल चॅनलचा कॅमेरा खांद्यावर वाहिला, त्यामुळे आमच्या बातम्या कशा शिजतात ते ठाऊक आहे. आधी आवाज ऐका. मागे नुसतं संगीत आणि घटनास्थळावरचं एकही माणूस बोलत नाही, म्हणजे आम्ही तिथे गेलोच नव्हतो. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली क्लिप आहे ती.

खरी परीक्षा पावसाळ्यात, तापीवरच्या हतनूर धरणाच्या बातमीला. धरणाला 41 दरवाजे. किती उघडले, किती मीटरने, किती क्युसेक विसर्ग आणि आकडा किती वाजताचा, हे सगळं आलं पाहिजे. नुसतं 'तापीला पूर' ऐकून काठच्या माणसाने म्हशी सोडायच्या की नाही? एकदा आम्हीच मागच्या वर्षीचं फुटेज लावलं. शेतात केळी कापून झालेली, टीव्हीवर मात्र घड लटकलेले! शेतकऱ्याचा फोन आला. काय बोलला ते लिहिण्यासारखं नाही.

चॅनलवर झळकणाऱ्या पुढाऱ्यांच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा मोजा. ज्याच्या जास्त, त्याच्या वॉर्डातल्या गटारीची बातमी सहसा दिसत नाही. जाहिरात तोच देतो ना भाऊ.

आणि केळीचा भाव रावेरचा की बऱ्हाणपूरचा, एवढंही सांगत नसतील तर सरळ चॅनल बदला.