बाबांच्या डीबीएसनंतर प्रोग्रामिंगला जाताना

पार्किन्सनसाठीच्या डीबीएस शस्त्रक्रियेत (मेंदूला तारांतून हलका करंट देण्याचा उपचार) मेंदूत तारा बसल्या, छातीवर कातडीखाली यंत्र बसलं, तरी खरं काम पुढेच असतं: प्रोग्रामिंग, म्हणजे डॉक्टरांनी यंत्राचा करंट रुग्णाला जुळेल असा लावणं. जाण्याआधी आठवडाभर वही ठेवा. गोळी किती वाजता, कंप कधी, पाय कधी जमिनीला चिकटले. ‘बरं नाही’ एवढ्यावर डॉक्टर काय करणार? सकाळची गोळी घ्यायची की नाही, आधी विचारा. आम्ही सवयीने दिली, गोळीच्या असरात करंटचा परिणाम कळेना आणि फेरी फुकट गेली! करंट वाढवताना बाबांची जीभ जड झाली, ‘चहा’सुद्धा धड म्हणता येईना. असं काही झालं की तिथल्या तिथे सांगायचं. सेटिंग बदलता येतं. आणि फिजिओथेरपीत कुणी डायथर्मी (लहरींनी शरीराला आतून दिलेला शेक) सुचवली तर साफ नाही म्हणा, तारेचं टोक तापून मेंदूला इजा होऊ शकते. यंत्राचं कार्ड कायम खिशात.