जुन्या आउटबोर्ड होडीची गळती आणि ट्रान्समची देखभाल

होडीच्या मागच्या टोकाचा जो सपाट आडवा भाग असतो आणि ज्यावर आउटबोर्ड मोटर बसवलेली असते, त्याला ट्रान्सम म्हणतात. फायबरच्या जुन्या होड्यांत हा भाग आतून-बाहेरून फायबरचा दिसत असला तरी त्याच्या पोटात बहुधा प्लायवूड असते, आणि मोटरचे वजन, तिचा रेटा व तिचे हादरे अखेर त्या प्लायवूडलाच पेलावे लागतात. म्हणून होडीत पाणी येऊ लागले की नुसती भेग बुजवून भागत नाही. ते पाणी लाकडापर्यंत पोहोचले आहे का, हे आधी पाहावे लागते.

बेळगाव भागात या गोष्टीला अधिक महत्त्व आहे. हिडकलच्या जलाशयात, मलप्रभेवरच्या नविलुतीर्थाच्या पाण्यात किंवा चिकोडी, रायबाग, अथणीकडच्या कृष्णाकाठी चालणारी होडी गोड्या पाण्यात असते. समुद्राच्या मिठामुळे लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला थोडा तरी आळा बसतो. गोड्या पाण्यात, आणि त्याहूनही होडीत साचलेल्या पावसाच्या पाण्यात, तो आळा राहत नाही. त्यामुळे कारवार, गोवा किंवा मालवणकडून स्वस्तात आणलेली जुनी होडी तिकडे वर्षानुवर्षे टिकली एवढ्यावर निर्धास्त राहू नये. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा, घटप्रभा आणि मलप्रभा या तिन्ही नद्या पात्राबाहेर आल्या, तेव्हा वेढलेल्या गावांतील माणसे होड्यांतूनच बाहेर काढावी लागली. अशा प्रसंगासाठी राखून ठेवलेली होडी वर्षभर पडून असते, आणि पडून असलेल्या होडीचाच ट्रान्सम आतून लवकर कुजतो.

काम कधी हाती घ्यावे

दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की काम सुरू करावे आणि मार्चअखेरपर्यंत संपवावे. पावसाळ्यात, विशेषतः खानापूरच्या बाजूला, लाकूड वाळतच नाही. डिसेंबर-जानेवारीत पहाटे गारठा असतो आणि इपॉक्सी (दोन घटक कालवल्यावर कडक होणारे चिकट रेझिन) थंडीत नीट घट्ट होत नाही, म्हणून त्या दिवसांत ऊन वर आल्यावर मिश्रण करावे. एप्रिल-मेच्या उन्हात उलट अडचण येते: भांड्यात जास्त मिश्रण केले तर ते वापरण्याआधीच तापून घट्ट होते. तेव्हा थोडे थोडेच कालवावे.

गळती नेमकी कुठे आहे ते शोधणे

प्रथम मोटरची बॅटरी आणि पेट्रोलची नळी सोडवावी, टाकी लांब ठेवावी आणि शक्य असल्यास मोटर उतरवून घ्यावी. होडी ट्रेलरवर किंवा जुन्या टायरांवर सपाट ठेवून तळाला तीन-चार ठिकाणी भक्कम आधार द्यावा. मग बाहेरची बाजू कोरडी पुसून तळाचे सांधे, ड्रेन प्लगची (आतले पाणी सोडून देण्याच्या भोकाच्या बुचाची) कड आणि ट्रान्समवरील प्रत्येक स्क्रूभोवती खडूची बारीक पूड फासावी व आत पाइपने पाणी सोडावे. मागच्या बाजूला चार-पाच इंच पाणी पुरे. शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो वजन असते आणि तेवढ्या भाराने आधार नसलेला तळ वाकू शकतो. थोड्या वेळात पांढऱ्या पुडीवर जिथे करडी ओल उमटते तिथे गळती आहे. प्रत्येक जागेवर पेन्सिलीने खूण करावी, कारण पाणी काढून होडी वाळली की ती जागा पुन्हा सापडत नाही.

या परीक्षेत काहीच आढळले नाही आणि तरीही होडी चालवताना आत पाणी येत असेल, तर ते पाण्याच्या रेषेच्या वरून येते. केबलची भोके, शिडीचे स्क्रू, ट्रान्समची वरची कड आणि मोटरचे वरचे बोल्ट अशा वेळी तपासावेत. माझ्या मते सर्वात जास्त दुर्लक्ष ड्रेन प्लगकडे होते. त्याचे रबर बदलले की काम झाले असे समजतात, परंतु प्लग ज्या पितळी नळीत बसतो ती नळी सैल झालेली असते आणि तिच्याभोवती प्लायवूडची उघडी कड पाणी पीत राहते. ट्रान्सम कुजायला बहुतेक वेळा तिथूनच सुरुवात होते.

लाकूड शाबूत आहे की नाही

मोटर बसवलेली असताना ती अर्धी वर उचलून तिच्या खालच्या टोकावर हाताने जोर द्यावा आणि दुसऱ्या माणसाने ट्रान्समच्या वरच्या कडेकडे लक्ष ठेवावे. कड हलताना दिसली किंवा कोपऱ्यांतल्या भेगा उघडल्या, तर आतले लाकूड गेले आहे. बोल्टचे वायसर फायबरमध्ये रुतलेले असणे हेही तेच लक्षण आहे. त्यानंतर हातोडीच्या लाकडी दांड्याने सगळ्या भागावर ठोकत जावे. भरीव जागी टणक आवाज येतो, कुजलेल्या जागी बद्द.

खात्री करायची असेल तर आतल्या बाजूने, बाहेरचा थर न फोडता, ३ ते ४ मिलिमीटरचे भोक पाडावे आणि ड्रिलला लागून येणारा भुसा हातावर घेऊन पाहावा. चांगल्या लाकडाचा भुसा फिकट, कोरडा आणि कुरकुरीत असतो. कुजलेल्या लाकडाचा भुसा चहाच्या चोथ्यासारखा काळपट, ओला येतो आणि त्याला आंबूस वास असतो. तळाजवळ, ड्रेन प्लगपाशी, मोटरच्या बोल्टांजवळ आणि दोन्ही कोपऱ्यांत अशी भोके पाडली म्हणजे कूज कुठपर्यंत गेली आहे त्याचा अंदाज येतो.

लाकूड ओले पण कठीण असेल, तर सगळे बोल्ट व स्क्रू काढून, भोके उघडी ठेवून होडी आडोशाला काही आठवडे वाळू द्यावी. पंखा लावला तर उत्तम. वाळले की नाही हे पाहण्यासाठी भोकांवर पारदर्शक प्लास्टिक चारी बाजूंनी टेपने चिकटवून रात्रभर ठेवावे. सकाळी ते उन्हात आल्यावर आतून दव धरले, तर ओल अजून शिल्लक आहे. ओल्या लाकडावर सीलंट (फटी बंद करणारा लेप) किंवा रेझिन लावणे म्हणजे पाणी आत कोंडून ठेवणे होय, आणि ही घाई कितीही मोह झाला तरी करू नये.

भोके कायमची बंद करणे

लाकूड चांगले असेल तर पुढचे काम सोपे आहे. बोल्ट कुठेही थेट लाकडाला टेकू नये, हे त्यातले सूत्र आहे. समजा बोल्ट १२ मिलिमीटरचा आहे. त्याचे भोक १८ ते २० मिलिमीटरपर्यंत मोठे करावे, बाहेरून टेप लावून ते बंद करावे आणि आतून भुकटी मिसळून दाट केलेले इपॉक्सी ठासून भरावे. इपॉक्सी भरण्याआधी भोकाच्या भिंतीला पातळ इपॉक्सीचा हात द्यावा, कारण कोरडे लाकूड ते शोषून घेते. पूर्ण कडक झाल्यावर मधोमध १२.५ किंवा १३ मिलिमीटरचे भोक पाडावे. आता पाणी शिरले तरी ते लाकडापर्यंत जात नाही. ड्रेन प्लगच्या नळीलाही हीच रीत लागू पडते. जी भोके आता वापरात नाहीत, तीही अशीच भरून टाकावीत.

बोल्ट बसवताना पॉलियुरेथेन सीलंट वापरावे. सिलिकॉन पाण्याखाली भरवशाचे नाही आणि एकदा लावले की त्या जागी पुढे रंग किंवा रेझिन धरत नाही. सीलंट बाहेरच्या बाजूला, बोल्टच्या डोक्याखाली आणि दांड्याभोवती लावावे; आत नटाखाली लावू नये, म्हणजे कधी पाणी शिरलेच तर ते आत झिरपताना दिसते. पहिल्या दिवशी सीलंट कडेने थोडे बाहेर येईल इतकेच आवळावे व दुसऱ्या दिवशी पूर्ण आवळावे. आवळताना बोल्टचे डोके पान्याने स्थिर धरून फक्त नट फिरवावा, नाहीतर धरलेले सीलंट तुटते. आतून साध्या वायसरऐवजी रुंद स्टेनलेस किंवा अॅल्युमिनियमची पट्टी द्यावी. बेळगावच्या उद्यमबागेतल्या कोणत्याही फॅब्रिकेशनवाल्याकडून ती मापाने कापून व भोके पाडून मिळू शकते.

लाकूड कुजले असेल तर

कुजलेल्या ट्रान्सममध्ये भोके पाडून पातळ इपॉक्सी ओतण्याचा उपाय बरेच जण सुचवतात. मोटर नसलेल्या भागासाठी तो चालेल, परंतु मोटर पेलणाऱ्या ट्रान्समवर त्याचा भरवसा धरू नये. ओल्या कुजलेल्या लाकडात इपॉक्सी सर्वदूर जात नाही आणि गेलेली ताकद परत येत नाही. तिथे प्लायवूड बदलणे हाच मार्ग आहे.

कडेला सुमारे ५ सेंटिमीटरची पट्टी ठेवून आतला फायबरचा थर ग्राइंडरने कापावा, पटाशीने कुजलेले लाकूड काढावे आणि बाहेरचा थर साच्यासारखा तसाच राहू द्यावा. काम करताना होडीचा आकार बदलू नये म्हणून दोन्ही बाजूंना आडवी फळी बांधावी. काढलेल्या लाकडाची जाडी मोजून घ्यावी. लहान होड्यांत ती साधारण ३८ मिलिमीटर असते आणि १८ किंवा १९ मिलिमीटरचे दोन तक्ते एकमेकांना इपॉक्सीने चिकटवून ती साधता येते. प्लायवूड घेताना त्यावर आयएस ७१० हा शिक्का पाहावा, कारण सागरी प्लायवूडचे भारतीय मानक तेच आहे. केवळ ‘वॉटरप्रूफ’ या शब्दावर जाऊ नये. पुठ्ठ्याचा नमुना कापून तक्ते बसवून पाहावेत, सर्व कडांना इपॉक्सीचे तीन हात द्यावेत आणि मगच दाट केलेल्या इपॉक्सीच्या थरात ते दाबून बसवावेत. तळाशी जो काटकोन होतो तिथे इपॉक्सीचा गोलसर भराव देऊन त्यावर विणलेल्या ग्लास कापडाचे थर चढवावेत, प्रत्येक थर आधीच्यापेक्षा थोडा मोठा, आणि ते बाजूच्या भिंतींवर व तळाच्या आधारपट्ट्यांवरही न्यावेत. ट्रान्समचा भार होडीच्या बाकी अंगावर जातो तो याच जोडातून, म्हणून इथे कापडाची कंजुषी करू नये.

इपॉक्सीऐवजी पॉलिएस्टर रेझिन वापरत असल्यास एमईकेपी हार्डनर वजनाने साधारण एक ते दोन टक्के, म्हणजे किलोला १० ते २० ग्रॅम, लागते. तरीही डब्यावरचे प्रमाण अंतिम मानावे. कोबाल्ट अॅक्सिलरेटर (रेझिन लवकर घट्ट करणारे द्रव्य) आणि हार्डनर एकमेकांत थेट कधीही मिसळू नयेत, त्याने स्फोट होऊ शकतो. अॅक्सिलरेटर आधी रेझिनमध्ये पूर्ण मिसळावे व नंतर हार्डनर घालावे. घासताना व मिश्रण करताना मास्क, चष्मा आणि हातमोजे असलेच पाहिजेत. इपॉक्सीवर नंतर पॉलिएस्टर नीट धरत नाही, म्हणून सुरुवात ज्याने केली त्यानेच काम पुरे करावे.

पुढची निगा

पाण्याबाहेर ठेवताना होडीचे नाक उंच करून ड्रेन प्लग काढून ठेवावा आणि ताडपत्री अशी बांधावी की तिच्याखालून वारा खेळेल. चोर्ला किंवा अनमोड घाटातून ट्रेलरवर नेताना मोटर नुसती वर उचलून ठेवली तर प्रत्येक खड्ड्याला ट्रान्समला झटका बसतो. तिच्या खालच्या भागाखाली ट्रेलरवर टेकणारी आधारदांडी द्यावी. समुद्रावरून आलेल्या मोटरवर झिंकचे अॅनोड (मोटरऐवजी स्वतः झिजणारे धातूचे तुकडे) असतात, ते गोड्या पाण्यात नीट काम करत नाहीत. त्यांच्या जागी मॅग्नेशियमचे बसवावेत. मोटर परत बसवल्यावर पहिल्या फेरीनंतर बोल्ट पुन्हा आवळून पाहावेत, आणि मृग लागण्याआधी दरवर्षी खडूच्या पुडीची परीक्षा एकदा करून घ्यावी.