पहिल्यांदाच रॅलीला निघालात? या चुका टाळा

नोव्हेंबरात वागातोरच्या टेकडीवर मोटोव्हर्ससाठी, म्हणजे रॉयल एनफिल्डच्या वार्षिक मेळाव्यासाठी, देशभरातले बुलेटवाले येऊ लागले, की डिचोली-म्हापशाच्या पोरांनाही रॅलीचे वेध लागतात. या नव्या पोरांची मला खरंच काळजी वाटते. सगळ्यात धोक्याची चूक कुठली म्हणाल, तर पुढच्याला गाठायची घाई.

ही घाई नेहमी हौसेपोटी होते असं नाही. समजा, 20 गाड्यांची रांग आहे आणि लीडर, म्हणजे सगळ्यांत पुढचा रायडर, ताशी 60 किलोमीटरने चाललाय. वळणावर तो 40 वर येतो आणि बाहेर पडला की पुन्हा 60 धरतो. दुसरा अजून वळणातच असतो. पडलेलं अंतर भरायला त्याला 65 लागतात, तिसऱ्याला आणखी थोडे. हे मागे मागे वाढत जातं आणि शेपटाच्या माणसाला 80 ने पळवावी लागते. नवखा बहुतेकदा तिथेच असतो!

चोर्ला घाटात पहिल्या राइडला माझं हेच झालं. पुढचा लाल दिवा दिसेना म्हणून थ्रॉटल पिळला. डाव्या वळणावर आतल्या बाजूला बारीक खडी होती, मागचं चाक वीतभर सरकलं. पडलो नाही. पण वर थांबल्यावर हेल्मेटचा पट्टा काही सोडवता येईना, बोटं इतकी थरथरत होती.

म्हणून लीडरच्या मागचा दुसरा-तिसरा नंबर मागून घ्या, त्यात लाजण्यासारखं काही नाही. मागे पडलात तरी स्वीप, म्हणजे सगळ्यांत शेवटी चालणारा अनुभवी रायडर, तुम्हाला सोडून जात नाही. फाट्यावर वळताना मागचा दिसत नसेल तर तो दिसेपर्यंत थांबा. सगळ्यांनी एवढं पाळलं तर कुणीच चुकत नाही.

सरळ रस्त्यावर डावा-उजवा अशी तिरकी रांग ठेवा, घाटात एकामागे एक. पुढच्याने विजेचा खांब ओलांडला की तुम्ही तिथे पोचायला किमान दोन सेकंद लागले पाहिजेत. पेट्रोलचे थांबे सगळ्यात लहान टाकीवर ठरवा.

गाडीच्या तक्रारीही ठरलेल्याच. म्हापशाच्या गर्दीत हाफ क्लचवर, म्हणजे क्लच अर्धा दाबून, रेंगाळलात, की पुढे चढणीला इंजिन नुसतं ओरडतं, गाडी ओढत नाही. क्लच घसरतोय. बाजूला घ्या, थंड होऊ द्या आणि लिव्हरला थोडा प्ले, म्हणजे सैलपणा, आहे ना ते बघा. केबल ताणलेली असेल तर सैल करा. उतारावर ब्रेक मऊ लागायला लागला तर तो तापलाय. थांबा, आणि पुढचा उतार खालच्या गिअरमध्ये उतरा. फोटो काढून झाल्यावर गाडी चालूच होत नसेल तर मेकॅनिकला हाक मारण्याआधी लाल किल स्विच, म्हणजे इंजिन बंद करायचं बटण, बंदवर आणि साइड स्टँड खाली राहिलाय का ते बघा.

पणजीत अटल सेतूवर दुचाकींना बंदी आहे. नकाशा कारवर लावलेला असेल तर तो तिकडेच नेतो. गाडी भाड्याची असेल तर काळ्या पाटीवर पिवळे आकडे असलेलीच, म्हणजे भाड्याने द्यायचा परवाना असलेलीच, घ्या.

आणि दारू. कायद्याची मर्यादा 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅम आहे, आणि रात्री उशिरापर्यंत घेतलेली सकाळी सहाला उतरलेली असेलच असं नाही. डोकं जड वाटत असेल तर ब्रीफिंगच्या, म्हणजे निघण्याआधीच्या सूचनांच्या, आधीच लीडरला सांगा आणि त्या दिवशी सोबत येणाऱ्या सपोर्टच्या गाडीत बसा.