जुन्या एसएलचा कॅनव्हासचा टप अडला, तर

मर्सिडीजची आर-१२९ पिढीतली एसएल, म्हणजे छत उघडणारी गाडी, १९८९ ते २००१ या काळात विकली गेली. तिचे कापडी छत, म्हणजे टप, डिकीतला विजेवरचा पंप तेलाच्या दाबाने हलवतो. बटण दाबून धरले की हा टप साधारण अर्ध्या मिनिटात उघडतो. तेवढ्या वेळात काचा खाली येतात, टपाच्या कप्प्यावरचे मागचे झाकण (डिकीचे नव्हे) उठते, पुढच्या काचेवरची कुलुपे सुटतात, टप घडी होऊन आत बसतो आणि झाकण पुन्हा बंद होते. प्रत्येक टप्पा पुरा झाल्याची खबर एखादा छोटा स्विच कंट्रोल युनिटला देतो आणि ती खबर पोहोचली नाही, तर पुढचा टप्पा सुरूच होत नाही. म्हणून टप नेमका कोणत्या क्षणी अडला, हे नीट पाहिले की निम्मी तपासणी झाली असे समजावे. गाडी पाहण्याआधीच पंप बदलायला सांगणाऱ्या माणसाच्या हाती ती देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

सुरुवात बॅटरीपासून करावी. पावसाळाभर झाकून ठेवलेल्या गाडीची बॅटरी इंजिन सुरू करण्यापुरती शिल्लक असते, पण पंप ओढतो तेवढा भार तिला पेलवत नाही. काही तास उभ्या असलेल्या गाडीत मल्टिमीटरवर सुमारे १२.६ व्होल्ट दिसायला हवेत. आकडा १२ च्या आसपास असेल, तर आधी बॅटरी चार्ज करावी आणि पुढची प्रत्येक चाचणी मोकळ्या जागेत, इंजिन चालू ठेवून करावी. बंद गॅरेजात इंजिन चालू ठेवू नये. त्यानंतर डिकी पक्की बंद आहे ना आणि गाडी पूर्ण थांबलेली आहे ना, हे पाहावे. हे सांगणे बालिश वाटेल, पण अर्धवट लागलेल्या डिकीपायी लोकांनी दिवसच्या दिवस घालवले आहेत.

आता रेडिओ आणि पंखा बंद करून बटण दाबावे आणि कान द्यावा. काहीच आवाज आला नाही, तर फ्यूज, रिले (पंपाला वीज जोडणारा स्विच) आणि खुद्द बटण यांच्याकडे वळावे. रिलेचा टकटक आवाज येतो पण पंपाची घरघर येत नाही, अशा वेळी रिलेचे संपर्कबिंदू जळलेले असतात, वायरच्या जोडात गंज असतो किंवा मोटरचे कार्बन ब्रश झिजलेले असतात. पंप घरघरतो आणि टप मात्र हलत नाही किंवा अर्ध्यावर दमल्यासारखा थांबतो, तर संशय तेलावर घ्यावा.

तेलाची टाकी डिकीतल्या पंपालाच जोडलेली असते. पातळी पाहताना टप कोणत्या स्थितीत असावा हे गाडीच्या पुस्तिकेत दिलेले असते आणि ते पाळावेच लागते, कारण सिलिंडरचे दांडे बाहेर आलेले असताना बरेचसे तेल सिलिंडरांत गेलेले असते. त्या वेळी टाकी काठोकाठ भरली, की दांडे आत जाताना तेल उसळून डिकीत सांडते. तेल पुस्तिकेत सांगितलेल्या जातीचेच घालावे. ब्रेक ऑइल कधीही घालू नये, कारण खनिज तेलासाठी बनवलेली सीले, म्हणजे गळती रोखणाऱ्या कड्या, त्याने फुगतात आणि सांडल्यास रंगही उखडतो.

तेल कमी झाले म्हणजे ते कोठेतरी गळते आहे. या गाड्यांत गळतीची नेहमीची जागा पुढच्या काचेच्या वरच्या चौकटीत, कुलुपे चालवणाऱ्या सिलिंडरांपाशी असते. सन व्हायझर खाली करून त्याच्या कडेवरून पांढरा टिश्यू कागद फिरवावा. कागदावर तेलकट डाग उमटला, तर सिलिंडरातली सील वयामुळे मऊ पडून तुटली आहे, असे धरून चालावे. नवा सिलिंडर महाग पडतो, पण जुना काढून त्यात नव्या प्रकारच्या पदार्थाची सील बसवून घेता येते, आणि माझ्या मते तोच शहाणपणाचा मार्ग आहे. गळती शोधण्यासाठी पंप चालू असताना नळीवर बोट मात्र फिरवू नये, कारण दाबाखालचे तेल कातडीत घुसू शकते.

तेल आणि वीज दोन्ही ठीक असून टप दरवेळी त्याच ठिकाणी अडत असेल, तर त्या टप्प्याची खबर देणारा छोटा स्विच, म्हणजे मायक्रोस्विच, तपासावा. स्विचचा जोड सोडवून मल्टिमीटर सलगता दाखवणाऱ्या खुणेवर ठेवावा आणि स्विचची जीभ हाताने दाबावी. दाबताना आणि सोडताना बीप बदलत नसेल, तर स्विच गेला. स्विच धड निघाला, तर डिकीच्या बिजागरीपाशी जाणाऱ्या वायरी पाहाव्यात, कारण तिथे हजारो वेळा वाकून आतले तांबे तुटते आणि वरचे आवरण अगदी शाबूत दिसते. वायर हळूच ओढून पाहावी. ती रबरासारखी ताणली गेली, तर तांबे तुटले आहे.

उचललेल्या झाकणाखाली किंवा टपाच्या सांध्यांत काम करताना लाकडी टेकू लावल्याशिवाय हात घालू नये. दाब उतरला की ते सगळे ओझे खाली येते. दुरुस्तीनंतर टप तीन-चार वेळा पूर्ण उघडून बंद करावा, म्हणजे नळ्यांतली हवा टाकीत परत जाते, आणि मग पुस्तिकेतल्या स्थितीत पातळी पुन्हा पाहावी. थंडीच्या दिवसांत मात्र आधी मागची प्लॅस्टिकची खिडकी उन्हात मऊ होऊ द्यावी, कारण कडक असताना घडी घातली तर ती तडकते.