क्रिप्टोलिमस सोडलात? मग या चुका टाळा

द्राक्षबागेत क्रिप्टोलिमस, म्हणजे पिठ्या ढेकूण ही कीड खाणारा ढालकिड्याच्या जातीचा मित्र भुंगेरा, सोडल्यावर दोन-तीन आठवड्यांत एक तक्रार हमखास येते: "भुंगेरे उडून गेले आणि पिठ्या ढेकूण उलट मोठा झाला!" फोटो मागवला की कळतं, तो मोठा ढेकूण म्हणजे क्रिप्टोलिमसचीच अळी. तोवर बागेत फवारणी झालेली असते.

अळीच्या अंगावर ढेकणासारखेच पांढरे मेणाचे धागे असतात, पण लांब आणि विस्कटलेले. ओळखायला काडीने डिवचा. ढेकूण जागचा फारसा हलत नाही, अळी तुरुतुरु पळते. शिवाय ती पूर्ण वाढली की ढेकणाच्या तिप्पट-चौपट लांब दिसते. ढेकूण काढायला वेलीची साल खरवडताना पोरं तिलाही चिरडतात. त्यांना आधी दाखवा, मग कामाला लावा.

दुसरी चूक, मुंग्यांकडे दुर्लक्ष. ढेकणाच्या चिकट गोड स्रावासाठी मुंग्या त्याची राखण करतात, भुंगेऱ्याला टिकू देत नाहीत. खोडाला चिकट पट्टी लावून भागत नाही; तारा, मांडवाचे लोखंडी अँगल, ओलांड्याला (वेलीच्या आडव्या फांदीला) टेकलेलं तण, सगळीकडून त्या चढतात.

दोन-चार ढेकूण दिसले की घाईने भुंगेरे सोडणंही वाया जातं. मादी अंडी घालते ती ढेकणाच्या कापसासारख्या अंडीपुंजात. पुंजकेच नसतील तर ती थांबेल कशाला? आणि निफाडच्या थंडीत या पाहुण्याकडून फार अपेक्षा नको. पारा उतरला की त्याचं खाणंही मंदावतं. हा मूळचा ऑस्ट्रेलियाचा. 1898 साली कॉफीवरच्या हिरव्या खवले किडीसाठी भारतात आणला होता, पण त्याने नाव काढलं ते पिठ्या ढेकणावर.

"पपईवर चालली ती बारीक माशी द्राक्षाला द्या" असंही विचारतात. ती माशी नव्हे, गांधीलमाशीच्या दूरच्या नात्यातला परोपजीवी कीटक, असेरोफॅगस. 2010 साली पोर्तो रिकोहून आणला. तो पपईच्या पिठ्या ढेकणाशी बांधलेला आहे. द्राक्षावरच्या गुलाबी ढेकणाला त्याचा उपयोग नाही. असं एकाच किडीशी बांधलेलं असणं तोट्याचं वाटतं, पण माझ्या मते परदेशी कीटकात हाच गुण सर्वांत मोलाचा. याउलट हार्मोनिया हा आशियाई ढालकिडा माव्यासाठी युरोप-अमेरिकेत सोडला, तर तिथल्या देशी ढालकिड्यांनाच भारी पडला. घडांबरोबर चिरडला गेला की वाइनलाही वास लागतो. म्हणून परदेशातून कोणी डबीत भुंगेरे आणून देतो म्हणाला तर नको म्हणा; आयातीला सरकारी परवाना आणि क्वारंटाइन तपासणी लागते.

पपईवाल्यांनी एवढं करा: पानावरचे फुगलेले, कडक, तपकिरी ढेकूण म्हणजे ममी, आत असेरोफॅगस वाढलेला मेलेला ढेकूण. ती पानं जाळू नका, बागेतच राहू द्या. भिंगाखाली ममीला गोल भोक दिसलं, तर असेरोफॅगस बाहेर पडून पुढच्या ढेकणाकडे गेलेला आहे.